‘थांबा’ म्हटल्यावर थांबलेला हात

“सोनोग्राफीत दोन्ही नळ्यांना सूज दिसतेय. याला पीआयडी म्हणतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. पीआयडी म्हणजे पेल्व्हिक इन्फ्लेमेटरी डिसीज, गर्भाशय आणि त्याच्या नळ्यांना जंतूंमुळे येणारी सूज. मग त्यांनी माझ्या सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं. “हा आजार बहुतेक वेळा संबंधांतून होतो. तुमचे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली म्हणालात. कोणी जबरदस्ती करतंय का?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग मानेनंच हो म्हटलं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं घर जुन्नर तालुक्यात, मढजवळच्या वाडीत. भात, नाचणी घरापुरती व्हायची. नवरा वारल्यावर मी नारायणगावच्या बाजूला द्राक्षाच्या पॅकिंग शेडवर जायला लागले. कुठल्या बाईला कामावर घ्यायचं ते मुकादम ठरवायचा. काम पाहिजे तर माझं ऐकावं लागेल, आणि बोभाटा केलास तर तुझंच नाव खराब होईल, असं त्यानं मला सांगितलं. दोन हंगाम मी ते सोसलं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

ओटीपोट दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, बारीक ताप असायचा. दिवसभर उभं राहून होतंय, असं मी घरी सांगायचे. एक दिवस शेडवरच चक्कर येऊन पडले. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, मला एसटीत बसवलं. जुन्नरला ओळखीचं कोणी भेटेल म्हणून मीच मंचरच्या दवाखान्यात जाऊ म्हटलं.

“आतून तपासावं लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही हो म्हणालात तरच. आणि मध्येच थांबा म्हणालात तर मी थांबेन.”

मी हो म्हटलं. आता काय करणार, ते त्या आधी सांगत होत्या. तरी माझं अंग आकसलं आणि तोंडातून शब्द निघाला, “थांबा.”

हात लगेच बाजूला झाला. त्यांनी माझ्या गुडघ्यांवर चादर ओढली. “बरं केलंत सांगितलंत. तुम्हाला ॲडमिट करून घेतेय, आपण उद्या बघू.”

मी रडले. दुखलं म्हणून नाही. माझ्या शब्दानं कोणाचा तरी हात थांबला होता. दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, तपासा.

तीन दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. नंतर चौदा दिवस गोळ्या, त्यांनी तोंडाला लोखंडासारखी चव यायची. एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली, पण ती तीन महिन्यांनी परत करायची होती. लागण झाली तरी काही आठवडे रक्तात दिसत नाही. त्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात.

पोलिसांत तक्रार करायची असेल तर लागतील ती कागदपत्रं देईन, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी विचारलं, “आत्याबाईंना सांगू का?”

“ते तुम्ही ठरवायचं.”

दुपारी वॉर्डात मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. तासभर आल्या नाहीत. मला वाटलं, एसटी धरून घरी गेल्या. आता आपलं घर सुटलं.

त्या आल्या तेव्हा डोळे सुजले होते. स्टुलावर बसून म्हणाल्या, “मला आदी कळाया पायजे व्हतं. रोज समोर बसून जेवत व्हतीस.” मग माझ्याकडे बघत, “तुजी चूक न्हाई. तुला काय करायचंय ते तू सांग. मी संगं हाये.”

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. परत निगेटिव्ह.

पुढच्या हंगामात मुकादमानं बायका न्यायला जीप धाडली. मी रस्त्यावर गेले, आत्याबाई मागे उभ्या होत्या. जीपमधल्या बायकांसमोर मी ड्रायव्हरला म्हणाले, “त्याला सांग, मी यायची न्हाई. का, ते त्याला ठाव हाय. आन् मी आता पोलिसांत चाललेय.”

मग मागच्या सीटवरची एक बाई खाली उतरली. “मी बी येते तुज्यासंगं,” एवढंच म्हणाली.

आम्ही दोघींनी तक्रार दिली. केस फार लांबली आणि त्याला शिक्षा झाली नाही. पण मालकानं त्याला काढलं, आणि त्या शेडवर तो परत दिसला नाही.

हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला असं दुखणं असेल तर तिनं अंगावर काढू नये. डॉक्टरांना एकटीनं बोलायचंय म्हणावं. तपासताना नको वाटलं तर तसं सांगावं. दुखणं बरं होतं. मी झाले.

अंगाला मात्र वेळ लागला. वर्षभर मला कोणाचा हात सोसवत नव्हता. आत्याबाईंनी कधी का म्हणून विचारलं नाही. माझ्यावर शाल टाकायची असली तरी आधी म्हणायच्या, “टाकू का गं?” शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईला हे कोणी शिकवलं, मला आजही कळत नाही.

एका दुपारी मी तेलाची बाटली घेऊन अंगणात त्यांच्यापुढे पाठ करून बसले. “आत्याबाई, डोक्याला तेल लावून द्या.”

त्यांनी बोटं केसांत घातली. “लई गुंता झालाय.”

“सावकाश सोडवा,” मी म्हणाले. “मला घाई न्हाई.”