सुभेदारांची कोथिंबीर

दुकानात नोकरी केलेल्या माणसाला कधी किस्से विचारू नयेत. तो थांबत नाही. कोठीच्या तळाला फोलपटं साचावीत तसे हे साचत राहतात आणि जेवणं झाल्यावर कुणी नुसता विषय काढला की बाहेर पडतात. माझी सून म्हणते, "आई, तुमच्या भांडारात माल कमी आणि गोष्टीच जास्त होत्या." खोटं नाही. त्यातही सुभेदारांच्या कोथिंबिरीएवढं हसू मला दुसऱ्या कशाचं येत नाही, आणि सुभेदार आठवले की थोडं भरूनही येतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत आमचं एक सहकारी ग्राहक भांडार होतं. मॅट्रिक होऊन मी नुकतीच तिथं गल्ल्यावर बसायला लागले होते. माल लावायला आणि वजनं करायला मिरजेचे रसूलभाई. हात भराभर चालायचा, पण तोंड हाताच्याही पुढं असायचं. आणि व्यवस्थापक म्हणून आले सुभेदार निकम, मूळचे लोणंदकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले. मिशी तीच, चाल तीच, फक्त बंदूक तेवढी सरकारजमा केलेली.

सुभेदारांनी आल्या आल्या काउंटर काढून टाकला. मुंबईत त्यांनी सुपरमार्केट बघितलं होतं. गिऱ्हाइकानं आत यायचं, टोपली घ्यायची, हवं ते आपल्या हातानं उचलायचं आणि जाताना गल्ल्यावर यायचं. "माणसावर इश्वास टाकला की माणूस सरळ चालतो," असं ते म्हणायचे. हे त्यांचं स्वप्न होतं म्हणा ना.

पहिल्याच दिवशी एक पटकेवाले गृहस्थ आले. फरशी चकचकीत बघून त्यांनी दाराशी पायताण काढलं. मग हात जोडून सगळ्या फळ्यांना उजवीकडून एक फेरी घातली, तेलाच्या डब्यांपाशी थोडं थांबले आणि काही न घेता बाहेर पडले. त्यांचं बघून मागचे सगळेच पायताण काढायला लागले.

रसूलभाई सुभेदारांना म्हणाले, "साब, एका कोपऱ्यात प्रसाद ठेवू या. लोक रिकाम्या हातानं चाललेत."

*

दुसरी एक म्हातारी. टोपली हातात घेऊन साबणांच्या फळीसमोर अर्धा तास उभी. मी विचारलं, "आजी, काय पाहिजे?"

"साबन. पर द्याला कुनी न्हाई व्हय?"

"आपलं आपण घ्यायचं आजी. उचला."

तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आन् कुनी बगितलं म्हंजी?"

शेवटी रसूलभाईंनी साबण उचलून तिच्या हातात दिला तेव्हा ती सुटली. जाताना मला बजावून गेली, "पोरी, मी घेतला न्हाई बरं का. त्येनं दिला."

*

अशा त्या दुकानात कोथिंबीर आली.

सैन्याला माल पुरवणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीनं ती पाकिटं बाजारात आणली होती. कोथिंबीर आधी गोठवायची आणि मग त्यातलं पाणी उडवून लावायचं. रंग हिरवाच राहतो, वास राहतो आणि वजन काहीच राहत नाही. सुभेदारांनी लडाखमध्ये असली भाजी खाल्ली होती. त्यांनी आमच्यापैकी कुणाला न विचारता तीन पेट्या मागवल्या. पाकिटावर इंग्रजी मजकूर आणि मधोमध कोथिंबिरीच्या डवरलेल्या जुडीचं झकास रंगीत चित्र, मुळांसकट.

"लडाखात आमच्या लंगरमध्ये ही आमटीत पडली," सुभेदार सांगायचे, "आन् आख्खी पलटण गप झाली. समद्यांना घर आठवलं. एक गडी तर ताट घिऊन भायेर जाऊन बसला."

हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलायचा. तेव्हा आम्ही हसायचो नाही.

हसले ते आमचे चेअरमन अण्णासाहेब. मोठे ऊसवाले बागायतदार. तालुक्यात कुठलंही नवं बियाणं आलं की पहिल्यांदा आपल्याच रानात पडलं पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. संकरित ज्वारी त्यांनी पहिली पेरली, द्राक्षांचा मांडव त्यांनी पहिला घातला. रानात सगळं नवं चालायचं, दुकानात मात्र काही नवं नको. काउंटर गेल्यापासून ते धुमसतच होते. पाकीट हातात घेऊन त्यांनी ते कानाशी हलवलं.

"सांगलीत कोथिंबीर इकत? ती बी वाळल्याली? सुभेदार, दिवाळीपत्तुर ह्या पेट्या खपल्या तर तुमचं हे 'आपलं आपण घ्या' चालू द्या. न्हाईतर परत काउंटर, परत पुड्या."

"आन् मी बी माझी ट्रंक उचलतो," सुभेदार म्हणाले.

बोलून गेले खरे. पण ट्रंक उचलून जायचं कुठं? लोणंदला भावकीनं त्यांचं घर कधीच आपलंसं केलं होतं, आणि सुभेदारीणबाई नुकत्या कुठं सांगलीत रमल्या होत्या. हे मला आणि रसूलभाईंना ठाऊक होतं.

*

सुभेदारांनी मोहीम आखली. शनिवारी बाजारच्या दिवशी प्रात्यक्षिक. मध्ये टेबल, टेबलावर गरम वरणाचं पातेलं, भोवती पंधरा-वीस बाया. सुभेदार ताठ उभे राहिले, लडाखपासून सुरुवात केली, आणि ऐन मोक्याला पाकीट फाडून उंच धरलं.

गर्दीनं उकडत होतं म्हणून रसूलभाईंनी त्याच क्षणी पंखा लावला.

त्या कोथिंबिरीला वजन नव्हतं हे मी सांगितलंच आहे. एक कणही वरणात पडला नाही. बायांच्या अंबाड्यात, कुंकवावर, एका तान्ह्या बाळाच्या टाळूवर, सुभेदारांच्या मिशीत, सगळीकडं हिरवं हिरवं झालं. कुणीतरी शिंकलं आणि मग सगळ्याच शिंकत शिंकत बाहेर पडल्या.

दुकान रिकामं झालं. रसूलभाईंनी पंखा बंद केला आणि म्हणाले, "साब, माल खपला न्हाई, पर वाटला झकास."

*

खरी आडकाठी होती ती दारात. आमच्या पायरीशेजारी अनुसयामावशी भाजी घेऊन बसायची. तिच्याकडं पाव किलो वांगी घेतली तरी कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या वर पडायच्याच. मागाव्या लागायच्या नाहीत. आपल्याकडं भाजीवालीनं वर कोथिंबीर टाकली नाही तर भाजी घेतल्यासारखं वाटत नाही. मग जी वस्तू फुकट मिळते ती कोण विकत घेणार?

मावशीनं एकदा आत येऊन पाकीट बघितलं. उलटंपालटं केलं. "कोतमीर हिरवी आसंल तर मानसाला आन् वाळली तर म्हशीला," ती म्हणाली. "हे कुनासाठी हाय?"

सुभेदार म्हणाले, "मावशी, तुमी फुकट देता म्हणून माझी खपंना."

"आवं, फुकाट कुठं? ती तर वर आसती."

या दोन गोष्टींत फरक काय, हे सुभेदारांनी मावशीला विचारलं नाही. सांगलीत राहून त्यांना तो कळला असावा.

मग एका संध्याकाळी गंमत झाली. भांडार बंद करून सुभेदार निघाले आणि पायरीवर त्यांची पिशवी उसवली. बटाटे गडगडले, आणि बटाट्यांमागोमाग हिरवीगार ताजी कोथिंबीर. मी बघितली, रसूलभाईंनी बघितली, मावशीनं तर ती सकाळीच बघितली होती. तिनंच दिली होती.

"घरातनं हुकूम हाय," सुभेदार बटाटे वेचता वेचता पुटपुटले.

मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सुभेदार. लढाई दिवसाची, जेवान घरचं."

*

नवरात्र उजाडलं तरी तीन पेट्यांतलं एकही पाकीट विकलं गेलं नव्हतं. सुभेदारांनी बोलणं कमी केलं होतं. दुपारी पेट्यांवरची धूळ मात्र ते स्वतः पुसायचे, रसूलभाईंना हात लावू द्यायचे नाहीत. मला ते बघवायचं नाही.

आणि एके दिवशी शिराळ्याकडचे एक बापू आले. साधा शेतकरी माणूस, खांद्यावर घोंगडं. फळीपाशी थांबले, पाकीट घेतलं, बराच वेळ चित्र बघितलं, बोटानं मुळं मोजली. मग काही न विचारता टोपली पाकिटांनी भरली आणि गल्ल्यावर आले.

सुभेदारांनी धावत येऊन त्यांचा हात हातात घेतला. "बापू, तुमाला पारख हाय."

"जात चांगली दिसती," बापू म्हणाले.

चार दिवसांनी त्यांच्या गावचे आणखी दोघे आले. मग तिघे. बातमी गावोगाव पसरली असावी. एक पेटी संपली, दुसरी संपली. शेवटी एक जीप दाराशी थांबली, त्यातून एक गडी उतरला आणि तिसरी अख्खी पेटी उचलून घेऊन गेला. कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही. "मालकांनी सांगितलंय, कुनाला बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाला.

सुभेदारांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि गिऱ्हाइकांना वाटले. मावशीला दोन दिले. "बगा मावशी, लोकांना चव कळाया येळ लागतो, पर कळती."

*

दिवाळीच्या अलीकडं बापू परत आले. हातात रिकामं पाकीट. चेहरा रागाचा नव्हता, काळजीचा होता.

"साह्येब, उगवंना."

सुभेदारांना काही समजलं नाही. मला समजलं आणि मी मान खाली घातली. रसूलभाई पोत्यांमागं गेले.

"काय उगवंना?"

"कोतमीर. दोन वाफं केलं. शेनखत घातलं, पानी दिलं, कोंबड्या शिरतील म्हणून म्हातारीला राखणीला बशीवली. पंदरा दिस झालं, एक कोंब न्हाई. गावात समद्यांचंच आसं झालंय."

सुभेदार हळू म्हणाले, "बापू, हे बियानं न्हाई. पाला हाय. खायाचा."

बापूंनी पाकीट वर करून चित्र दाखवलं. "मंग मुळासकट झाड कशाला काडलंय? बिस्किटाच्या पुड्यावर बिस्किट आसतंय. बियान्याच्या पाकिटावर झाड आसतंय. खायाचं हुतं तर वर आमटी काडायची."

सुभेदारांनी बापूंची माफी मागितली, भरपाई घरातून देतो म्हणाले. बापूंनी ती घेतली नाही. "तुमी फशिवलं न्हाई, चित्रानं फशिवलं," म्हणाले. मग पायरीशी थांबून त्यांनी विचारलं, "जमिनीला काय व्हनार न्हाई न्हवं?"

त्या संध्याकाळी मी आणि रसूलभाईंनी सुभेदारांना समजावून बघितलं. पेट्या संपायला हव्या होत्या, संपल्या. अण्णासाहेबांची अट खपायची होती, खायची नव्हती. गप्प राहा.

"खपल्या, पर पोटात गेल्या न्हाईत," सुभेदार म्हणाले. "इश्वासाचं दुकान लबाडीवर चालवू व्हय? सभेत सांगून टाकतो आन् ट्रंक भरतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच ट्रंक माळ्यावरून काढली. सुभेदारीणबाई मला रडत सांगून गेल्या.

*

वसुबारसेच्या दिवशी संचालकांची सभा होती. भांडारातच, तेलाच्या डब्यांशेजारी खुर्च्या मांडून. मी चहा देत होते. रसूलभाई दाराशी उभे. अण्णासाहेब आले ते नेहमीसारखे गरजत आले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रिकाम्या फळीकडं बघत राहिले.

सुभेदार उभे राहिले. सावधानमध्ये.

"अण्णासाहेब, पाकिटं समदी गेली. पर सभेला एक खरं सांगायचंय. त्ये ऐकून तुमी जो हुकूम द्याल तो मान्य."

अण्णासाहेबांनी हात वर केला. "थांबा. हुकमाचं मागनं बघू." बाकीच्या संचालकांना त्यांनी बाहेर मावशीकडं ताजी भाजी बघायला पाठवलं. मला जायला सांगायचं ते विसरले. मग त्यांनी खुर्ची सुभेदारांच्या जवळ ओढली, दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं,

"सुभेदार, तुमी लडाखात बगितलंय म्हणून इचारतो. पैलं पानी दिल्यावर हिला दुसरं कवा द्याचं आसतंय?"