बाबांनी तपासलेला ट्रेलर

बाबा रेल्वेत डबे तपासायचे. लांब दांड्याची हातोडी चाकावर मारायची आणि आवाजावरून आतला तडा ओळखायचा, यात त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. घरात माठ आणला तरी वाजवून पसंत करणार. आम्ही भावंडं हसायचो, पण त्यांनी एकदा ‘पास’ म्हटलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

धाकट्या भावाने अठरा चाकांचा जुना ट्रेलर घेतला. रायपूरहून नागपूरला सळ्या न्यायच्या, स्वतःच चालवायचा. रायपुरातल्याच भनपुरीच्या गॅरेजात महिनाभर त्याची डागडुजी चालली. केबिनमागे झोपायला फळी बसवली, काचेवर जाळी, भार पेलायला चाकांवरच्या कमानींना एकेक पाटा जास्तीचा. दारांना मोरपंखी रंग त्याने आपल्या हाताने दिला, ओघळांसकट.

“लग्नाला उभी करून राहिला का रे हिला?” मी चिडवलं.

कामाला लावायच्या आदल्या दिवशी मिस्त्री म्हणाला, “भैया, एक बार सब चक्के खोल के देख लेते हैं.”

“काहून? बाबा येऊन राहिले ना उद्या सकाळी. त्यांनी अख्ख्या रेल्वेगाड्या पास केल्या आहेत,” भाऊ म्हणाला.

सकाळी बाबा चौबे कॉलोनीतल्या घरून माझ्या स्कूटरवर आले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर हातोडी. एकेका चाकाच्या बोल्टांवर ते ठोकत निघाले, मी मागेमागे. टण, टण, टण. मागच्या एका चाकाशी मात्र भद्द आवाज आला, फुटक्या मडक्यासारखा. बाबा थांबले नाहीत, पुढच्या चाकाकडे गेले.

बाबांना ऐकू कमी येतं, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, हे ते मला विचारायचे आणि मी ते झाकायचे. चार माणसांत कसं बोलायचं? मिस्त्री हसला असता. संध्याकाळी भावाला हळूच सांगू, असं ठरवलं.

बाबा म्हणाले, “पास.” भाऊ त्यांच्या पाया पडला.

संध्याकाळी तो मोबाइलवर ट्रेलरचे फोटो दाखवत बसला, इतका खूश की बघवेना. मी पोळ्या लाटत राहिले. बोललेच नाही. भित्री कुठली!

तिसऱ्या खेपेला नागपूरच्या वाटेवर, एका उतारावर मागचं चाक निखळलं. ट्रेलर उलटला. भाऊ गेला.

तेरावं झाल्यावर बाबांनी मला जवळ बसवलं. ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते.

“तू माह्या मागंच होती ना? खरं सांग बाई. एखाद्या चाकाचा आवाज वेगळा आला होता का? मले... मले नाही समजलं.”

मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, “नाही बाबा! सगळे सारखेच होते!”

त्यांनी मान डोलावली. गॅरेजात त्या सकाळी जो आवाज काढायला हवा होता, तो माझ्या तोंडून आत्ता निघाला, आणि तोही खोटं बोलायला.