गुलाबाच्या पुस्तकातलं प्रेत

बाइंडरकाका हाती आलेलं प्रत्येक पुस्तक शिवण्याआधी वाचायचे आणि गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी मत सुनावायचे. "या प्रेमकथेत दोघं एवढी रडतात की कागदाला बुरशी लागेल. प्रवासवर्णन ठीक आहे, पण हा बाबा घरी परत कशाला आला?" कवितासंग्रहाबद्दल ते एवढंच म्हणाले, "कोरी जागा झकास आहे."

एकदा शेजारच्या मास्तरांनी दोन जुनी पुस्तकं बांधायला टाकली. एक गुलाबाच्या लागवडीचं, दुसरं खुनाचं. वाचता वाचता काका इतके गुंगले की एकाची मधली पानं दुसऱ्यात आणि दुसऱ्याची पहिल्यात शिवली गेली. काकूंच्या ते लक्षात आलं, तोवर मास्तर पुस्तकं घेऊन गेले होते.

आठवड्याने मास्तर दुकानाच्या पायरीवर दिसताच काका टेबलाखाली शिरून उगाच सुई शोधू लागले.

"अहो, काय पुस्तकं आहेत!" मास्तर म्हणाले. "गुलाबाला खत घालता घालता एकदम जिन्याखाली प्रेत! आणि त्या दुसऱ्यात इन्स्पेक्टर खुन्यावर पिस्तूल रोखतो आणि शांतपणे फांद्या छाटायला लागतो. काय संयम माणसाचा! लेखक असावा तर असा."

काका टेबलाखालून बाहेर आले. जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणाला नावं ठेवली, आज पहिल्यांदा स्वतःच्या लिखाणाचं कौतुक कानावर पडत होतं. त्यांना राहवेना.

"आणखी काही वाटलं?"

"वाटलं ना," मास्तरांनी नाक मुरडलं. "बाइंडिंग तेवढं भिकार आहे."