दुर्बीण किती लांब बसवायची
भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास आला, की सिंगापूरला क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधला तो रविवार आठवतो. अमेरिकेतला दादा व्हिडिओ कॉलवर होता. त्याच्या जुन्या लीव्हरवाल्या रायफलीची रिकामी काडतुसं वरच्या बाजूने उडायची, म्हणून नेम धरायची दुर्बीण पुढे, डोळ्यापासून लांब बसवायची होती. तुआसच्या कारखान्यात भिंगांचंच काम करणारा मी अगदी रंगात आलो. "नळी कॅमेऱ्याकडे कर आणि लीव्हर ओढ, अंतर बघतो," मी म्हणालो. "रिकामीच आहे रे," म्हणत त्याने लीव्हर ओढला. टणकन एक जिवंत काडतूस उडून टेबलावर पडलं. "भावजी, दिसतंय ना नीट?" नळीसमोर फोन धरून उभ्या असलेल्या वहिनींनी विचारलं. भिंगाचं अंतर मी आजही अचूक काढतो. त्या दिवशी फोन कोणी धरलाय, एवढं मात्र विचारलं नव्हतं.