नाव न घेता मारलेली हाक

“परत हाक मारलीस ना तिला? खरं सांग.”

“मारली, मनांग.”

“डॉक्टर म्हणतात, आता नुसती ऊब उरलीय अंगात. आणि तू तिला बाजारातून बोलावल्यासारखी परत आणतेस!” निम्फा स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. “माझी आई आहे ती. तुझ्या कागदावरचा शिक्का नव्हे.”

“अगं, असू दे की,” तिचा भाऊ दादो टेबलापाशी बसल्या बसल्या म्हणाला. “आई दिसतेय अजून, तर तुझं काय जातंय?”

फेली आल्याची पेज ढवळत राहिली. निम्फाला ती मनांग म्हणायची आणि दादोला मनोंग, ताई-दादा म्हणावं तसं.

अकरा वर्षांपूर्वी ती फिलिपिन्समधल्या लावागहून अमेरिकेत, डेली सिटीतल्या या घरात आली, तेव्हा तिची मुलगी हसमिन सहा वर्षांची होती; ती तिकडेच फेलीच्या आईजवळ राहिली. निम्फाच्या आईला सांभाळायचं काम; फेली त्यांना लोला, म्हणजे आजी, म्हणायची. लोलांनीच मालकीण म्हणून तिच्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरला. तो मंजूर झाला की हसमिनलाही इकडे आणता येणार होतं. वकिलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मालकीण गेली की अर्जही गेला. आता मुलाखत नऊ आठवड्यांवर आली होती. इतक्या वर्षांत फेलीला या घरात बसून जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. ती उभ्यानेच चार घास खायची आणि लोलांच्या उशांचे अभ्रे इस्त्री करायला घ्यायची.

आम्हा इलोकानो लोकांत कुठूनही निघताना आपल्या माणसाचं नाव घेऊन सांगतात, ये, मागे राहू नकोस. नाहीतर जीव तिथेच रेंगाळतो. फेब्रुवारीत लोलांचा श्वास पहिल्यांदा थांबला, तेव्हा फेलीने त्यांच्या कानाशी तेच म्हटलं. शब्द ठरलेले, म्हणून ‘ये’ म्हणावं लागलं. नाव मात्र जिभेवर येईना. मालकिणीचं नाव कसं घ्यायचं?

लोला आल्या. त्यानंतर चार वेळा गेल्या आणि चार वेळा आल्या. दर वेळी थोड्या कमी. आधी चव गेली, मग डोळ्यांचा काळेपणा. पाय पुसताना फेलीला बोटांच्या बेचक्यांत ओली, काळसर वाळू सापडायची. आमच्या लावागच्या नदीत असते तशी. लोला तर आठ महिन्यांत खाटेवरून उठलेल्या नव्हत्या.

“बोल ना आता,” निम्फा म्हणाली. “आज काय म्हणाली ती?”

“विचारलं, ती पोर कोण गं,” फेली म्हणाली. “माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे, इतक्या उंचीवर बघत होत्या.” तिने डाव कमरेपाशी धरून दाखवला. “म्हणाल्या, पिवळी फीत लावलेली पोर नदीत उतरली होती. हाक आली तर माझ्याआधी तीच वळली. म्हणाली, मला बोलावतायत.”

“भास गं. तिला काय कळतंय?”

“मी निघाले त्या दिवशी हसमिनच्या केसांना पिवळी फीत मीच बांधली होती, मनांग. हे मी या घरात कधी बोलले नाही.”

दादोने कप खाली ठेवला.

“मग तिचा फोन आला. तिकडे पहाट होती. म्हणाली, आई, तू बोलावलंस ना? जाग आली तर मी नदीत, कमरेइतक्या पाण्यात. आजी काठावरून ओरडत होती.”

बाहेरचं धुकं खिडकीला चिकटून होतं. आतल्या खोलीत लोलांचा श्वास अडखळला, थांबला, पुन्हा सुरू झाला. निम्फा भांडण विसरून फेलीकडे बघत राहिली.

“मग आईचं नाव घेऊन मार ना हाक!” दादो म्हणाला. “बासिलिसा म्हण, सरळ. कोण रागावणार आहे? नऊच आठवडे, फेली. अकरा वर्षं काढलीस.”

फेलीने पेजेखालचा गॅस बंद केला. खुर्ची ओढली आणि बसली.

“मनोंग, आता लोला गेल्या की त्यांना जाऊ देणार. मी एकच नाव घेणार,” ती म्हणाली. “हसमिनचं.”