मामांचा ‘होय’

खरं बोलण्याची किंमत दरसाल रीतसर पावती घेऊन भरणारा माणूस सबंध सोलापुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या नशिबी आला. हे आमचे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा लहानसा कारखाना होता आणि दारात करड्या रंगाची फियाट. नियमांचं त्यांना वेडच. रस्ता रिकामा असला तरी वळताना खिडकीतून हात बाहेर काढणार, आणि तोही इतका लांब, की एकदा एका भाजीवालीने त्या हातावर कोथिंबिरीची जुडी ठेवली. मामांनी गाडी थांबवून तिचे पैसे दिले. दारूबंदीच्या काळात दोन घोट घ्यायचे तेही परमिट काढून, आणि मामी रागावल्या की त्यांनाही ते परमिट दाखवायचे.

असा हा माणूस बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मोडनिंबला एका मित्राच्या मुलाच्या लग्नाला गेला. तिथे आग्रहाने जरा जास्त झाली आणि मामा तसेच गाडी घेऊन निघाले. सोलापूर जवळ आलं आणि कामावर चाललेल्या एका यंत्रमाग कामगाराला, त्याच्या सायकलीसकट, त्यांनी उडवलं. त्याचा पाय मोडला. मामांनीच त्याला दवाखान्यात नेलं आणि आलेल्या हवालदाराला सांगितलं, “मी प्यालोय. आधी ते लिहून घ्या.” कोर्टात दंड झाला, वर्षभर लायसन गेलं. कायद्याने उतरवावाच लागतो त्या विम्यातून कामगाराची भरपाई कंपनीने दिली. फियाटच्या फुटलेल्या दिव्यांचं मात्र काही मिळालं नाही. प्यायलेल्या माणसाच्या गाडीचं नुकसान कोण भरून देणार?

पुढचा विमा मामांनी आमच्या कंपनीत नव्याने उतरवला तेव्हा एजंट मीच होतो. आमच्या धंद्याची रीत अशी, की फॉर्म एजंटाने भरायचा, शेवटच्या सगळ्या प्रश्नांना वरून खालपर्यंत ‘नाही’ लिहायचं आणि गिऱ्हाइकाने फक्त सही ठोकायची. मीही लिहून नेलं. मामांनी चष्मा लावून फॉर्म वाचला. ‘दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली आहे काय?’ इथे माझा ‘नाही’ खोडून त्यांनी ‘होय’ लिहिलं आणि सोबत दोन पानांची हकीकत जोडली. झालं! फॉर्म पुण्याला गेला. महिन्याने हप्ता दीडपट होऊन परत आला, वर पहिल्या पाचशे रुपयांपर्यंतचं नुकसान मालकाने सोसायचं अशी अट. साहेबांनी मला सगळ्यांदेखत विचारलं, सासरच्या माणसांना तरी नीट सांभाळता येत नाही का? मी चरफडत घरी आलो.

बरं, एकदा लिहिलं ते पुरे ना? पुढच्या वर्षी नुसता हप्ता भरला की विमा चालू राहतो, नवा फॉर्म लागतच नाही. पण मामा दरसाल कोरा फॉर्म मागायचे आणि पुन्हा ‘होय’ लिहायचे. मी समजावलं, मामींनी समजावलं. तो कामगार जरासा लंगडत दिवाळीला भेटायला यायचा, त्यानेही समजावलं, “मालक, लई झालं की आता. मी इसरलो, तुमी बी इसरा.” मामांनी त्याला आणखी चिवडा वाढला.

चौथ्या वर्षी माझा तोल सुटला. म्हटलं, मामा, ऑफिसात हसतात हो मला, काय मिळतं तुम्हाला यातून? मामांनी चष्मा काढून फॉर्मवर ठेवला.

“जावईबापू,” मग म्हणाले, “ज्याचा पाय मोडला तो विसरला. तुमच्या मामी तर तो विषयही काढू देत नाहीत. मला अजून विचारतो तो एवढा कागदच. तो तरी राहू द्या.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी फॉर्म उघडला आणि तो प्रश्न पहिल्यांदाच मोठ्याने वाचला. मामा खुर्चीतून उठले, कोर्टात उभं राहावं तसे ताठ उभे राहिले, आणि म्हणाले, “होय.” मी लिहून घेतलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून फॉर्म भरतो, पण तो प्रश्न प्रत्येकाला तोंडाने विचारतो. लोक हसतात, नाही म्हणतात. मी ‘नाही’ लिहितो आणि मला मामांची फार आठवण येते.