पाण्यात सोडायची पुडी

मी एकतीस वर्षं तंजावुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. पिशवीत काही तांबडे आणि काही पांढरे चेंडू आहेत, न बघता एक काढला तर तांबडा निघण्याची शक्यता किती, हे उदाहरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल ते देव जाणे. त्याच देवापुढे बसून मी शक्यतेची पार वाट लावली. ते इथं लिहून ठेवते आहे. आम्ही पिढ्यानपिढ्या इकडचेच मराठी, शिक्षण सगळं तमिळमध्ये; लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला ही देवनागरी अक्षरं येतात. माझ्या मुलीला येत नाहीत. ती हे वाचणार नाही, एवढाच काय तो धीर.

मुलगी एकुलती एक. तिचे वडील सरकारी पाटबंधारे खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी इतर बाप मुलांना सिनेमाला न्यायचे, आमचे हे तिला स्कूटरवर पुढे उभी करून कल्लणैच्या जुन्या बंधाऱ्यावर न्यायचे. कुठलं दार किती उचललं की कुठल्या गावाच्या भाताला पाणी पोचतं, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. पुढं ती पाण्याचीच इंजिनिअर झाली, चेन्नईत नोकरीला लागली. मग एका आठवड्यात तिला दोन पत्रं आली. एक रॉटरडॅमहून, नद्यांच्या मुखाशी जमीन कशी टिकवतात त्यावर संशोधन करायला. दुसरं सिंगापूरच्या एका कंपनीचं, मोठमोठ्या इमारतींच्या तळघरांतलं पाणी बाहेर काढण्याचे नकाशे तपासायला. दुसरं पत्र तिनं नीट वाचलंसुद्धा नाही.

"अम्मा, तिथं अर्धा देश समुद्राहून खालीं आहे. तरी लोक राहतात!" ती नाचतच सांगत होती.

"समुद्राच्या खालीं राहायला तूं काय मासोळी आहेस?" मी म्हटलं. त्या गावाचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. समुद्राखालचं गाव, एवढंच म्हणायची.

ती हसली. मी हसत नव्हते. मला दिसत होती ती बर्फाची पेटी.

त्याच्या दोन वर्षं आधी हे गेले होते, सकाळी कॉफी पिता पिता. मुलगी चेन्नईहून निघाली, तिला पोचायला आठ तास लागले. तोवर यांना पुढच्या खोलीत काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवलं होतं. इकडे अशा पेट्या भाड्यानं मिळतात, विजेवर चालतात. मध्येच वीज गेली आणि पेटी गप्प झाली. मी आठ तास त्या काचेवरचं पाणी पदरानं पुसत बसले होते. चेन्नईला आठ तास, तर त्या समुद्राखालच्या गावाला किती? मला किती दिवस ठेवतील, आणि काच कोण पुसेल? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. सिंगापूरचं विमान तिरुचीहून थेट जातं, साडेचार तासांत. बस मिळाली तर तिरुची आम्हाला अंगणासारखी.

मी तिला म्हटलं, "जायचें तेथें जा. पण आपल्या घरची रीत आहे, फुलें घालून देवाला विचारूं."

ही रीत आमच्याकडे जुनी. इकडचे तमिळ लोकही देवळात फुलं घालून पाहतात, पण आमचा कायदा वेगळा. घरच्या बाईनं एकटीनं, कुणाला न दाखवता, दोन सारख्या पुड्या बांधायच्या, केळीच्या पानात, केळीच्याच सोपटानं. एकीत तांबडी कण्हेर, दुसरीत पांढरी तगर. ज्याचा प्रश्न त्यानं तो देवापुढे मोठ्यानं विचारायचा, आणि मराठीतच. तिसऱ्यानं एक पुडी उचलून उघडायची. उरलेली उघडायची नाही, ती तशीच वाहत्या पाण्यात सोडायची. देवानं न दिलेलं उत्तर माणसानं बघू नये म्हणून.

तिसरे म्हणून माझे थोरले दीर पापनाशमहून बसनं आले. मुलगी त्यांना पेरियप्पा म्हणते. त्यांचं एकच वेड, देवाशी तमिळ बोलायचं नाही. मुलीला घरातलं आमचं मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र ती निम्मी तमिळमध्ये देते, त्यामुळे त्यांनी तिच्याकडून प्रश्न चारदा घोकून घेतला.

मी मागच्या पडवीत पुड्या बांधायला बसले. तांबडं म्हणजे सिंगापूर, पांढरं म्हणजे ते गाव, असं ठरलं होतं. पहिल्या पुडीत कण्हेर घातली. दुसऱ्या पुडीसाठी तगरीचं फूल हातात घेतलं, खाली ठेवलं, आणि पुन्हा कण्हेरच घातली. हात थरथरला वगैरे नाही. वर्गात गुण भरताना चालायचा तसा सरळ चालला. तगर मी कुंडीत टाकून वर माती लोटली.

"देवा, मी कोठें जाऊं?" मुलीनं अडखळत विचारलं. पेरियप्पांनी मान डोलावली, पुडी उचलली. तांबडं.

तिचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो मी पाहायचं टाळलं होतं आणि तरी दिसला. तिनं देवाला नमस्कार केला, पेरियप्पांना केला, मला केला. मग उरलेली पुडी उचलून पिशवीत घातली. "मी तिरुवैयारुला जाऊन कावेरींत सोडतें. अप्पा मला तिथंच पोहायला न्यायचे."

ती पुडी मी स्वतः नेणार होते. पण "दे इकडे" म्हणायला कारण काय सांगणार? ती स्कूटर काढून गेली. जाऊन यायला तासाहून जास्त लागू नये. ती दुपारचं जेवण टळून गेल्यावर आली. केस ओले होते.

"सोडलीस?" मी विचारलं.

"सोडली," ती म्हणाली, आणि ताट वाढून घेतलं.

त्या एका शब्दावर मी पुढची दोन वर्षं काढली. उघडली असेल का? उघडली असती तर भांडली नसती का? माझी मुलगी भांडखोर आहे, माझ्यावर गेली आहे. भांडली नाही, म्हणजे उघडली नाही. असा मी ताळा जुळवायची आणि दुसऱ्या दिवशी तो परत चुकायचा.

ती सिंगापूरला गेली. दर रविवारी सकाळी फोन. काम कसं आहे? सरी. जेवण? सरी. या आमच्या सरीचा अर्थ ठीक, पण तिची सरी नुसती दार लावून घेतल्यासारखी यायची. मागच्या वर्षी माझ्या पित्ताशयातले खडे तातडीनं काढायचे ठरले. सकाळी कळवलं आणि दिवेलागणीला ती हॉस्पिटलात माझ्या उशाशी हजर. शेजारची बाई म्हणाली, बघा, जवळ असल्याचा केवढा फायदा! मला त्या फायद्याची लाज वाटली. ऑपरेशन झाल्यावर मी डोळे मिटून पडले होते. मला झोप लागली असं समजून मुलीनं फोनवर एक चित्र उघडलं. करड्या समुद्रालगत लांबच लांब मातीचा बांध, त्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या पातळीहून खाली, गाई चरतायत. ती ते चित्र बोटांनी मोठं करायची, परत लहान करायची. किती वेळ ते मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर तिला वाटलं टाके दुखतायत, आणि ती नर्सला बोलवायला धावली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. रॉटरडॅमच्या त्या प्राध्यापिकेनं पुन्हा पत्र लिहिलंय, एक जागा आहे. सिंगापूरची कंपनीही कायम करते म्हणते. "पेरियप्पांना बोलावून घे, अम्मा. मी व्हिडिओवर प्रश्न विचारतें. तूं फुलें घाल."

"सरी," मी म्हटलं.

"आणि अम्मा, ह्या खेपेस एका पुडींत पांढरें घाल."

मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. मी विचारलं, "पाहिलें होतेंस, तर गेलीस कां?"

"घाटावर बसून उघडली," ती म्हणाली. "आधीं इतका राग आला! तसाच घरीं येऊन तुझ्यासमोर फेकणार होतें. मग वाटलें, अम्मा देवाशीं खोटें बोलली, म्हणजे किती भ्यालेली असेल. म्हणून पाण्यांत उतरलें आणि सोडून दिली."

मला रडू आवरेना. माफी कशी मागतात ते मला येत नाही, शाळेत कधी गरज पडली नाही. "फुलें नकोत आतां," एवढंच म्हटलं. "तुला हवें तेथें जा."

"घाल, अम्मा. तेव्हां मला ठाऊक होतें मला काय हवें. आतां खरेंच कळत नाहीं."

माझ्या खोटेपणानं काय केलं ते मला त्या वाक्यानं कळलं. तिचं ते गाव मी हिरावून घेतलं एवढंच मी समजत होते. तिची खात्रीच मी कुंडीत पुरून टाकली होती.

"मला कळतें," मी म्हटलं. "रॉटरडॅम." दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव तोंडातून निघालं. नीट उच्चारता आलं नाही, पण ती हसली नाही. "हॉस्पिटलांत तूं तें चित्र पाहत होतीस, तेव्हां मी जागी होतें."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"तिथून इथं यायला किती तास लागतात?" मी विचारलं.

"अम्मा, तें कशाला..."

"मी गणिताची बाई आहे. आकडा सांग."

"विमान बदलायचें, मग तिरुचीहून गाडी... एक दिवस. अख्खा एक दिवस लागेल."

"सरी," मी म्हटलं. "एक दिवस मी पेटींत राहतें. काच पेरियप्पा पुसतील. तूं धांवत येऊं नकोस."